दार उघडलं, पण अर्धंच

एन्ट्रन्स, कटऑफ, राउंड... आपण वैतागतो. पण देशात दहा वर्षं एन्ट्रन्सच झाली नाही तर? चीनमध्ये हे घडलंय. 1966 मध्ये माओंच्या सांस्कृतिक क्रांतीत प्रवेश परीक्षा बंद पडली, शहरातली पोरं शेतावर धाडली गेली. 1977 मध्ये ती पुन्हा सुरू केली डेंग झियाओपिंग यांनी. त्या हिवाळ्यात सुमारे 57 लाख जण परीक्षेला बसले!

सिचुआन प्रांतात 1904 मध्ये जन्मलेले डेंग सोळाव्या वर्षी फ्रान्सला गेले. शिक्षण राहिलं बाजूला, कारखान्यांत राबावं लागलं. तिथेच ते कम्युनिस्ट झाले. परतल्यावर माओंसोबत लाँग मार्च केला, वर चढले आणि पुढे माओंच्याच मर्जीतून उतरले. ट्रॅक्टर दुरुस्तीच्या कारखान्यात फिटर म्हणून त्यांनी दिवस काढले. विद्यापीठात शिकणारा मुलगा पुफांग रेड गार्डांच्या ताब्यात असताना खिडकीतून पडला आणि कायमचा अपंग झाला.

माओ 1976 मध्ये गेले. वर्षभरात डेंग परतले. ते राष्ट्राध्यक्ष नव्हते की पंतप्रधान, पण लष्कर हातात आणि शब्द अखेरचा. शेतकऱ्याला सरकारी कोटा भरून उरलेलं पीक विकायची मुभा मिळाली. 1980 मध्ये शेन्झेन परदेशी भांडवलाला खुलं झालं.

आशियातली गणितंही बदलली. 1978 मध्ये जपानशी मैत्री करार, फेब्रुवारी 1979 मध्ये थेट व्हिएतनामवर हल्ला. आपले परराष्ट्रमंत्री अटलबिहारी वाजपेयी तेव्हा चीनमध्येच होते. दौरा आटोपता घेऊन ते परतले. 1988 मध्ये मात्र राजीव गांधी बीजिंगला गेले आणि 1962 पासून गोठलेलं नातं जरा सैल झालं.

मग आलं 1989. विद्यार्थी तिआनानमेन चौकात जमले. मागणी होती लोकशाहीची, भ्रष्टाचाराला लगाम घालण्याची. यातली बरीच मुलं डेंग यांनी सुरू केलेल्या परीक्षेतूनच विद्यापीठात आलेली. डेंग यांनी लष्कर बोलावलं. 3 जूनच्या रात्री रणगाडे शहरात शिरले. किती जीव गेले, याचा पूर्ण हिशेब आजही मिळालेला नाही. बळाच्या वापराला विरोध करणारे पक्षप्रमुख झाओ झियांग मरेपर्यंत नजरकैदेत राहिले.

1992 मध्ये डेंग यांनी दक्षिणेचा दौरा करून थंडावलेल्या सुधारणांना पुन्हा वेग दिला. 1997 मध्ये ते गेले. आज चीनमधली मुलं 7 जूनला ती प्रवेश परीक्षा देतात. तीनच दिवस आधी येणाऱ्या 4 जूनबद्दल मात्र तिथे उघडपणे बोलता येत नाही.