विश्लेषण : यकृताचा नकाशा शोधणारे डॉ. तोन थात तुंग कोण होते? यकृताच्या कर्करोगावरील शस्त्रक्रियेत त्यांचे योगदान काय?

सिरॉसिसच्या रुग्णाची सोनोग्राफी होते आणि यकृतात दोन-अडीच सेंटिमीटरची गाठ दिसते. पुढच्या तपासण्यांत ती कर्करोगाची असल्याचे कळते. गाठ लहान आहे, बाहेर कुठे पसरलेली नाही. मग डॉक्टर ती सरळ कापून का काढत नाहीत, हा नातेवाईकांचा पहिला प्रश्न असतो. काही रुग्णांत ती काढता येते आणि आयुष्याची अनेक वर्षे मिळतात. काहींत मात्र कर्करोगाच्या आधी शस्त्रक्रियाच जीव घेईल अशी भीती असते. हा फरक कळण्यासाठी आधी यकृत आतून कसे आहे हे कळावे लागले. त्या शोधाची एक महत्त्वाची सुरुवात ९० वर्षांपूर्वी हनोईच्या शवविच्छेदन कक्षात झाली, आणि ती करणारा होता वैद्यकीय शाखेचा एक विद्यार्थी.

कोण होते तुंग?

तोन थात तुंग यांचा जन्म १० मे १९१२ रोजी मध्य व्हिएतनाममधील थान होआ येथे झाला. घराणे राजघराण्याशी नाते सांगणारे, वडील मोठे अधिकारी. पण ते तुंग अगदी लहान असतानाच वारले. बालपण ह्वे या जुन्या राजधानीत गेले. त्या घरातील मुलाने दरबारी नोकरी धरावी ही रीत होती. तुंग १९३१ मध्ये हनोईला शिकायला गेले आणि १९३५ मध्ये तेथील वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाले.

देश तेव्हा फ्रेंचांच्या ताब्यात होता. रुग्णालयात राहून सर्जनच्या हाताखाली तयार होण्याची जी इंटर्नची जागा असते, ती स्थानिक विद्यार्थ्यांना मिळत नसे. ते बाहेरून येऊन-जाऊन काम करायचे. तुंग यांनी याविरुद्ध आवाज उठवला. अखेर १९३८ मध्ये प्रशासनाला या जागांसाठी स्पर्धा परीक्षा घ्यावी लागली. त्या परीक्षेतून तुंग हनोईच्या फू दोआन रुग्णालयात इंटर्न झाले.

जंतांनी भरलेल्या यकृतात काय दिसले?

विद्यार्थिदशेतच एका शवविच्छेदनाच्या वेळी त्यांच्यासमोर एक वेगळेच यकृत आले. त्याच्या पित्तनलिकांत जंत शिरले होते. पोटातले जंत पित्तमार्गात चढणे हा त्या भागात नेहमीचा आजार. दुसऱ्या कुणी नोंद करून ते यकृत बाजूला ठेवले असते. तुंग यांच्या लक्षात आले की नलिका अशा ठळक दिसत असतील, तर त्यांचा माग काढत यकृताच्या आत शिरता येईल. त्यांनी एका साध्या खरवडण्याच्या हत्याराने मऊ पेशी हळूहळू काढून टाकल्या. मागे उरले ते रक्तवाहिन्या आणि नलिकांचे झाड.

पुढची चार वर्षे ते हेच करत राहिले. १९३९ पर्यंत त्यांनी २०० हून अधिक मृतदेहांची यकृते अशी मोकळी करून पाहिली आणि प्रत्येकाच्या शिरांचा आराखडा काढला. या कामाचे महत्त्व कळायला त्या काळची समजूत लक्षात घ्यावी लागेल. यकृत म्हणजे रक्ताने भरलेला एकसंध स्पंज, त्यात सुरी घातली की रक्त थांबत नाही, असे बहुतेक सर्जन मानत. ती भीती खोटीही नव्हती. यकृतातून मिनिटाला साधारण दीड लिटर रक्त वाहते. तुंग यांनी दाखवले की हा स्पंज नाही. फांद्या ठरलेल्या वाटेने जातात आणि प्रत्येक फांदीचा स्वतःचा इलाखा असतो. ती फांदी बांधली तर तेवढाच भाग वेगळा काढता येतो.

त्यांचा १९३९ चा प्रबंध यकृतातील शिरा आणि त्यांच्या आधारे करता येणारी शस्त्रक्रिया याच विषयावर होता. हनोईचे महाविद्यालय पॅरिस विद्यापीठाशी जोडलेले होते. विद्यापीठाने प्रबंधाला रौप्यपदक दिले. त्याच वर्षी त्यांनी आणि त्यांचे वरिष्ठ सर्जन जाक मेयर-मे यांनी कर्करोगासाठी यकृताचा डावा भाग शिरांच्या नकाशानुसार काढल्याची नोंद पॅरिसच्या शल्यचिकित्सा अकादमीपुढे ठेवली. रुग्ण शस्त्रक्रियेतून वाचला होता.

मग काम २० वर्षे का थांबले?

एक तर या नोंदीची युरोपात फारशी दखल घेतली गेली नाही. महायुद्ध सुरू झाले होते आणि वसाहतीतल्या तरुण डॉक्टरकडून कुणी यकृताची रचना शिकायला बसले नव्हते. १९५२ मध्ये पॅरिसचे लोर्ता-जाकोब यांनी उजव्या भागाची शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली, तेव्हा शिरांच्या नकाशानुसार यकृत कापण्याचे श्रेय बहुतेक पुस्तकांनी त्यांनाच दिले. लोर्ता-जाकोब यांचे काम मोठे होतेच. पण १९३९ चा प्रबंध त्याआधी १३ वर्षे छापलेला होता, हेही तितकेच खरे.

दुसरे कारण युद्धाचे. १९४५ च्या क्रांतीनंतर तुंग यांनी हो चि मिन्ह यांच्यावर उपचार केले. १९४६ च्या अखेरीस फ्रेंचांशी लढाई पेटली तेव्हा ते हनोई सोडून उत्तरेच्या व्हिएत बाक या जंगल-डोंगरांच्या भागात गेले. तिथे हो दाक दी यांच्यासोबत वैद्यकीय महाविद्यालय चालवले, सैन्याच्या शस्त्रक्रिया केल्या. १९४७ मध्ये त्यांच्याकडे आरोग्य खात्याचे उपमंत्रिपद आले. १९५४ च्या दिएन बिएन फूच्या लढाईत जखमींवरील शस्त्रक्रियांची जबाबदारी त्यांच्यावर होती. ७ मे रोजी फ्रेंच ठाणे पडले. नंतर फ्रेंच जखमींना हलवण्याची बोलणी करायला रेड क्रॉसतर्फे तेथे आले ते प्राध्यापक पिएर ह्युआर. हनोईच्या महाविद्यालयात ते तुंग यांचे शिक्षक होते. गुरू एका छावणीत आणि शिष्य दुसऱ्या, अशी ती वेळ.

युद्ध संपल्यावर तुंग हनोईला परतले आणि फू दोआन रुग्णालयाचे प्रमुख झाले. हेच रुग्णालय पुढे व्हिएत डुक म्हणून ओळखले गेले.

बोटांनी यकृत कापतात म्हणजे काय?

साठच्या दशकाच्या सुरुवातीला तुंग पुन्हा यकृताकडे वळले. लोर्ता-जाकोब यांची पद्धत अशी होती की यकृताच्या दाराशी असलेल्या रक्तवाहिन्या आधी बाहेरूनच शोधून बांधायच्या आणि मग कापायचे. हे काम तासन् तास चाले. तुंग यांनी क्रम उलटा केला. यकृतात शिरणारा रक्तप्रवाह काही मिनिटांसाठी चिमट्याने थांबवायचा. मग अंगठा आणि बोट यांच्यामध्ये यकृत दाबायचे. मऊ पेशी भुगा होऊन बाजूला होतात, रक्तवाहिन्या आणि नलिका मात्र दोरीसारख्या बोटांना लागतात. त्या एकेक बांधून तोडायच्या. विद्यार्थी असताना खरवडून जे पाहिले, तेच आता जिवंत माणसाच्या पोटात बोटांनी करायचे होते. यकृत कापण्याचा मुख्य भाग तासांवरून मिनिटांवर आला. कोणती फांदी कुठे सापडेल हे पाठ नसते, तर हे धाडस अंगलट आले असते.

१९६३ च्या सुरुवातीला द लॅन्सेटमध्ये ही पद्धत प्रसिद्ध झाली. सहलेखक होते त्यांचे सहकारी न्गुयेन दुओंग क्वांग. तैवानमध्ये लिन तिएन-यू यांनीही १९५८ मध्ये बोटांनी यकृत वेगळे करण्याची पद्धत मांडली होती. यकृताचा कर्करोग सर्वाधिक आढळणाऱ्या पूर्व आशियातच ही वाट दोन ठिकाणी सापडली, यात नवल नाही.

सिरॉसिस असेल तर वेग पुरेसा का नाही?

निरोगी यकृत पुन्हा वाढते. त्याचा सुमारे ७० टक्के भाग काढला तरी माणूस जगू शकतो. सिरॉसिसमध्ये यकृतात जागोजागी कडक पट्टे तयार होतात, पेशींच्या गाठी बनतात आणि वाढण्याची ताकद कमी होते. आत रक्त शिरायला अडथळा झाल्याने आतड्याकडून येणाऱ्या मुख्य शिरेतील दाब वाढतो. अशा यकृताचा मोठा तुकडा काढला की उरलेला भाग काम पेलू शकत नाही. पोटात पाणी होते, कावीळ वाढते आणि काही आठवड्यांत यकृत बंद पडते. शिवाय कडक यकृत बोटांखाली सहज भुगा होत नाही.

अडचण अशी की यकृतातच सुरू होणाऱ्या कर्करोगाच्या दहापैकी सुमारे आठ-नऊ रुग्णांना सिरॉसिस असतो. तुंग यांनी आयुष्यभर शस्त्रक्रिया केल्या त्या काळात सोनोग्राफी सर्रास नव्हती. रुग्ण येई तो पोटात हाताला लागणारी गाठ घेऊन. आज ज्याला आपण सुरुवातीचा टप्पा म्हणतो, तो त्या काळच्या सर्जनांच्या वाट्याला क्वचितच आला. तुंग यांच्या कामाची ही खरी मर्यादा होती, आणि ती हाताच्या कौशल्याने ओलांडता येणारी नव्हती.

व्हिएतनाममध्ये हा कर्करोग इतका का, हा प्रश्नही तुंग यांना पडला होता. अमेरिकी विमानांनी १९६२ पासून जंगलांवर फवारलेल्या रसायनांतील डायऑक्सिनवर त्यांनी बोट ठेवले. हनोईत १९६२ नंतर कर्करोगाच्या रुग्णांमध्ये यकृताच्या कर्करोगाचे प्रमाण वाढल्याची आकडेवारी त्यांनी मांडली. डायऑक्सिन कर्करोगकारक असल्याचे आंतरराष्ट्रीय संस्थेने १९९७ मध्ये मान्य केले. मात्र हनोईतील वाढीचे कारण तेच होते हे त्या आकड्यांवरून सिद्ध होत नाही. हिपॅटायटिस बी आणि धान्यावरील बुरशीचे विष ही दोन कारणेही तिथे होती. तैवानमधील २२,७०७ पुरुषांच्या अभ्यासाने १९८१ मध्ये हिपॅटायटिस बी आणि हा कर्करोग यांचे घट्ट नाते दाखवले. तुंग यांचा संशय पूर्ण बरोबर नव्हता, पण प्रश्न विचारणे गरजेचे होते.

नकाशा पुन्हा कामी कसा आला?

१९७७ मध्ये पॅरिसच्या शल्यचिकित्सा अकादमीने तुंग यांना लॅनलाँग पदक दिले. १९३९ ची नोंद याच अकादमीपुढे ठेवली होती. ७ मे १९८२ रोजी, दिएन बिएन फूच्या विजयदिनीच आणि सत्तराव्या वाढदिवसाला तीन दिवस उरले असताना, हनोईत त्यांचे निधन झाले.

तोवर टोकियोत मासातोशी माकुउची शस्त्रक्रिया सुरू असतानाच यकृतावर सोनोग्राफीचे यंत्र ठेवू लागले होते. हा कर्करोग शिरेच्या फांदीवाटे जवळच्या भागात पसरतो. माकुउची यांनी गाठीकडे जाणारी नेमकी फांदी शोधून तिच्यात रंग सोडला. यकृताचा जेवढा तुकडा रंगला तेवढाच काढला. १९८५ मध्ये ही पद्धत प्रसिद्ध झाली. फांदी आणि तिचा इलाखा ही तुंग यांचीच कल्पना, पण उद्देश बदलला होता. किती काढता येईल यापेक्षा किती वाचवता येईल हे मोजायचे होते.

आजचा निर्णय याच मोजमापावर ठरतो. गाठ एकच, यकृताचे काम चांगले, बिलिरुबिन प्रमाणात आणि मुख्य शिरेतील दाब फार वाढलेला नसेल, तर गाठीसह तेवढा भाग काढतात. यकृत थकलेले असेल तर कापणे टाळून लहान गाठ सुईने जाळतात किंवा प्रत्यारोपणाचा विचार करतात. इटलीच्या व्हिन्सेंझो माझाफेरो यांनी १९९६ मध्ये ४८ रुग्णांवरून दाखवले की पाच सेंटिमीटरपर्यंतची एक गाठ, किंवा प्रत्येकी तीन सेंटिमीटरपर्यंतच्या तीन गाठी असतील तर प्रत्यारोपणानंतर चार वर्षांनी ७५ टक्के रुग्ण हयात होते. प्रत्यारोपणात गाठीबरोबर सिरॉसिसही जातो. नुसती गाठ काढली तर आजारी यकृत मागे राहते आणि पाच वर्षांत निम्म्याहून अधिक रुग्णांत कर्करोग पुन्हा दिसतो.

म्हणून सिरॉसिसच्या रुग्णाने, काही त्रास नसला तरी, दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करावी असे डॉक्टर सांगतात. आपल्याकडे दारू, हिपॅटायटिस आणि मधुमेहासोबत येणारे फॅटी लिव्हर या तिन्ही वाटांनी सिरॉसिस होतो, आणि तिन्ही वाटांच्या रुग्णांना हा सल्ला लागू आहे. तुंग यांचे चिरंजीव तोन थात बाक हेही सर्जन झाले आणि व्हिएत डुक रुग्णालयाचे प्रमुख झाले. हनोईचे वैद्यकीय विद्यापीठ आज ज्या रस्त्यावर आहे, त्याला तुंग यांचेच नाव आहे.