गटाच्या राजकारणाचे शिल्पकार वसंतराव नाईक

सोलापूर जिल्ह्याच्या ग्रामीण राजकारणात 'गट' आणि 'गण' हे दोन शब्द न उच्चारता एकही निवडणूक पार पडत नाही. जिल्हा परिषदेचा सदस्य गटातून निवडला जातो, पंचायत समितीचा गणातून. कार्यकर्त्यांच्या तोंडी रुळलेल्या या रचनेमागे ज्या नेत्याची दृष्टी उभी आहे, ते वसंतराव नाईक महाराष्ट्राला मुख्यत्वे हरितक्रांतीचे मुख्यमंत्री म्हणून परिचित आहेत. त्यांच्या कर्तृत्वाची ही दुसरी बाजूही तितकीच मोलाची आहे.

वसंतरावांचा जन्म १ जुलै १९१३ रोजी यवतमाळ जिल्ह्यातील पुसद तालुक्यात गहुली येथे बंजारा समाजात झाला. वडील फुलसिंग नाईक हे तांड्याचे प्रमुख होते. तांड्यावरचा हा मुलगा नागपूरला जाऊन पदवीधर झाला आणि १९४० मध्ये वकील झाला. पुढच्याच वर्षी नागपूरच्या वत्सलाबाई घाटे यांच्याशी त्यांनी आंतरजातीय विवाह केला. त्या काळात या निर्णयाची सामाजिक किंमत दोन्ही बाजूंना मोजावी लागली. तथापि दोघेही आपल्या निश्चयावर ठाम राहिले.

सार्वजनिक जीवनातील त्यांची पहिली मोठी पायरी स्थानिक स्वराज्याचीच होती. १९४६ मध्ये ते पुसद नगरपालिकेचे अध्यक्ष झाले. १९५२ मध्ये आमदार म्हणून निवडून आल्यावर तत्कालीन मध्य प्रदेशात महसूल खात्याचे उपमंत्रिपद त्यांच्याकडे आले. राज्य पुनर्रचनेनंतर मुंबई राज्यात आणि १९६० नंतर महाराष्ट्रात ते मंत्री झाले.

नव्या महाराष्ट्रात ग्रामीण कारभाराच्या तीन वेगवेगळ्या परंपरा एकत्र आल्या होत्या. विदर्भात जनपद सभा होत्या, मराठवाड्याला निजामी राजवटीचा वारसा होता आणि सोलापूरसारख्या जुन्या मुंबई इलाख्यातील जिल्ह्यांत १९२३ च्या कायद्याने चालणारी लोकल बोर्डे होती. या बोर्डांचे उत्पन्न तुटपुंजे आणि अधिकार मर्यादित होते. स्वातंत्र्यापूर्वी तर त्यांच्यासाठी मत देण्याचा हक्कही मालमत्ता वा कर भरणाऱ्यांपुरताच होता. भूमिहीन मजुराला त्या बोर्डात आवाज नव्हता.

मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण यांनी जून १९६० मध्ये लोकशाही विकेंद्रीकरणासाठी समिती नेमली आणि तिचे अध्यक्षपद महसूलमंत्री असलेल्या वसंतरावांकडे सोपवले. समितीने १५ मार्च १९६१ रोजी अहवाल दिला. केंद्राच्या बलवंतराय मेहता समितीने पंचायत समितीच्या पातळीवर भर दिला होता. नाईक समितीने मात्र सत्तेचा केंद्रबिंदू जिल्हा मानला. तालुक्याला न पेलणारी शाळा, रस्ते, दवाखाने आणि लघुपाटबंधाऱ्यांची कामे जिल्हा पेलू शकेल, असा त्यामागील विचार होता. आमदार, खासदार आणि जिल्हाधिकारी यांना जिल्हा परिषदेबाहेर ठेवण्यात आले आणि प्रशासनासाठी स्वतंत्र मुख्य कार्यकारी अधिकारी देण्यात आला. जिल्ह्याच्या नव्या नेतृत्वावर मंत्रालयाची वा कलेक्टर कचेरीची सावली पडू नये, हा त्यातला खरा धाडसी भाग होता.

सुमारे ३५ हजार लोकसंख्येमागे एक सदस्य, हे त्या वेळचे सूत्र होते. त्यातूनच निवडणूक गटांचा नकाशा आखला गेला. १ मे १९६२ पासून कायदा अमलात आला, लोकल बोर्डे इतिहासजमा झाली आणि सोलापूर जिल्ह्यातही करमाळ्यापासून अक्कलकोटपर्यंतचा शेतकरी प्रौढ मताधिकाराने आपला सदस्य जिल्हा परिषदेत पाठवू लागला. राज्यातील कित्येक आमदार आणि मंत्री याच शाळेत घडले.

मारोतराव कन्नमवार यांच्या निधनानंतर ५ डिसेंबर १९६३ रोजी वसंतराव मुख्यमंत्री झाले आणि २० फेब्रुवारी १९७५ पर्यंत सलग अकरा वर्षांहून अधिक काळ त्या पदावर राहिले. संकरित ज्वारीचा प्रसार, चार कृषी विद्यापीठांची उभारणी आणि १९७२ च्या भीषण दुष्काळात मजुरांच्या हाताला मिळालेले काम ही त्यांच्या कारकिर्दीची ठळक फलिते होत. सोलापूरसारख्या अवर्षणग्रस्त जिल्ह्यात त्या दुष्काळी कामांची आठवण पिढ्यान्पिढ्या टिकली. १९७७ मध्ये ते वाशीममधून लोकसभेवर गेले. १८ ऑगस्ट १९७९ रोजी सिंगापूर येथे त्यांचे निधन झाले.

त्यांच्या पश्चात गटांचा नकाशा सतत बदलत राहिला. ७३ व्या घटनादुरुस्तीने आरक्षण आणि पाच वर्षांची निश्चित मुदत आणली. १९९२ च्या हद्दवाढीत बाळे, केगाव, शेळगी, देगाव, सोरेगाव, कुमठे ही गावे सोलापूर महापालिकेत आली आणि जिल्हा परिषदेच्या मतदार यादीतून बाहेर पडली. २०२१ मध्ये अकलूजची नगरपरिषद झाली आणि सहकाराच्या राजकारणात गाजलेल्या या गावाचाही जिल्हा परिषदेशी असलेला मताचा संबंध संपला. गट नकाशावरून पुसला जातो, पण तेथील पाण्याचे, रस्त्याचे आणि शाळेचे प्रश्न नव्या कचेरीच्या दारात उभे राहतात. हद्दवाढ भागातील नागरिकांनी हा अनुभव वर्षानुवर्षे घेतला आहे.

मार्च २०२२ मध्ये सोलापूर जिल्हा परिषदेची मुदत संपली, तेव्हा नव्या निवडणुका न होता कारभार प्रशासकाच्या हाती गेला. ज्या संस्थेपासून वसंतरावांनी जिल्हाधिकाऱ्यालाही जाणीवपूर्वक दूर ठेवले, तिची सूत्रे अशा रीतीने सरकारी अधिकाऱ्याकडे परत आली. १ जुलै हा त्यांचा जन्मदिवस महाराष्ट्र कृषिदिन म्हणून साजरा करतो. शेताइतकीच गावच्या मताचीही राखण करण्याचे स्मरण त्या दिवशी व्हायला हवे.