वकिली सोडली, कुलूप घडवलं!

तुमच्या घरात, नाहीतर आजीच्या घरात, एक लोखंडी कपाट नक्की असेल. आतल्या कप्प्यात दागिने, एफडीची पावती, आजोबांची पेन्शनची कागदपत्रं. कपाट कोणत्याही कंपनीचं असू दे, आजी त्याला 'गोदरेजचं कपाट'च म्हणते. हे नाव आपल्या जिभेवर इतकं बसलंय की ते एका माणसाचं आडनाव आहे, हे लक्षातही येत नाही. तो माणूस म्हणजे अर्देशीर गोदरेज. कुलूप आणि तिजोरीच्या धंद्यात पडले तेव्हा ते तुमच्यापेक्षा फार मोठे नव्हते. आणि त्याआधी त्यांची दोन करिअर्स फसली होती. दोन्ही वेळा कारण एकच, खोटं बोलायला नकार.

अर्देशीर यांचा जन्म 1868 चा, मुंबईतल्या पारशी कुटुंबातला. वडील बुर्जोरजी, आई दोसाबाई. सहा भावंडांत हे थोरले. घरची परिस्थिती बरी होती. मुलगा हुशार, त्यामुळे वकील व्हायचं ठरलं. आज तुमच्या घरी इंजिनीअरिंगचं ठरतं, तसंच.

पण कायद्याचं शिक्षण चालू असतानाच घरावर मोठा आघात झाला. 25 एप्रिल 1891 रोजी त्यांची वीस वर्षांची पत्नी बचूबाई आणि नात्यातली सोळा वर्षांची पिरोजबाई अशा दोघींचा मुंबई विद्यापीठाच्या राजाबाई टॉवरवरून पडून मृत्यू झाला. त्या केसने सगळं शहर हादरलं. खटला चालला, आरोपी सुटला आणि त्या दिवशी वर नेमकं काय घडलं याचं सगळ्यांना पटेल असं उत्तर कधीच मिळालं नाही. फोर्टमधून जाताना तुम्ही त्या टॉवरचा फोटो काढला असेल, तर ही गोष्टही माहीत असू द्या. अर्देशीर यांनी पुन्हा लग्न केलं नाही.

झांझिबारहून रिकाम्या हाताने

1894 मध्ये नव्या वकिलाला मोठी संधी मिळाली. मुंबईतल्या एका सॉलिसिटर फर्मने त्यांना एका अशिलाची केस लढवायला आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर, झांझिबारला पाठवलं. केस चांगली चालली होती. मग एका टप्प्यावर, ज्याची खात्री नाही अशी गोष्ट कोर्टात खरी म्हणून मांडायची वेळ आली. अर्देशीर यांनी नाही म्हटलं. अशिलाने समजावलं, बाकीच्यांनीही समजावलं, पण हे हलले नाहीत. शेवटी केस सोडून ते मुंबईला परतले आणि वकिलीचा कोट कायमचा उतरवला.

तुम्ही म्हणाल, काय वेडेपणा! घरच्यांनाही तसंच वाटलं असणार. पण पुढे ते जो धंदा करणार होते, त्याचं भांडवल हाच वेडेपणा ठरला.

परतल्यावर ते एका केमिस्टकडे मदतनीस म्हणून लागले. तिथे त्यांच्या लक्षात आलं की डॉक्टरांना लागणारे चाकू, चिमटे, कात्र्या सगळं विलायतेहून येतं. हे आपल्याकडे का होऊ नये? वडिलांचे स्नेही मेरवानजी कामा यांच्याकडून त्यांनी 3000 रुपये कर्जाऊ घेतले आणि शस्त्रक्रियेची हत्यारं बनवायला सुरुवात केली. माल उत्तम झाला. ज्याला विकायचा होता त्यालाही पसंत पडला. अडलं ते शिक्क्यावर. भारतात बनवलं असं छापलं तर कुणी घेणार नाही, असं गिऱ्हाईक म्हणालं. जे भारतात बनलंय त्यावर तेच छापणार, असं अर्देशीर म्हणाले. धंदा बसला.

पेपरातली बातमी

तिसरी वाट पेपर वाचताना सापडली. मुंबईत घरफोड्या वाढल्याची आणि लोकांनी आपापल्या घराचा बंदोबस्त नीट करावा, असं पोलीस कमिशनर सांगत असल्याची ती बातमी होती. बाकीच्यांनी ती वाचून दाराची कडी तपासली असेल. अर्देशीर यांनी कुलूपच उघडून बघितलं. मग ते पुन्हा कामांकडे गेले आणि पुन्हा पैसे मागितले. एक धंदा बुडवलेल्या पोराला दुसऱ्यांदा पैसे देणारा माणूस मिळायलाही नशीब लागतं. 7 मे 1897 रोजी लालबागमध्ये, साधारण दोनशे चौरस फुटांच्या शेडमध्ये काम सुरू झालं. म्हणजे आजच्या वन रूम किचनएवढीच जागा. गुजरात आणि मलबारकडचे कारागीर आणले, आणि 'अँकर' नावाने कुलपं बाजारात आली.

कुलूप ही विचित्र वस्तू आहे. शर्ट घेताना तुम्ही कापड चाचपता, आंबा घेताना वास घेता. कुलूप चांगलं आहे की नाही हे मात्र चोर आल्यावरच कळतं. तोपर्यंत तुम्ही फक्त विश्वास विकत घेतलेला असतो. म्हणून अर्देशीर यांनी प्रत्येक कुलपासोबत हमी दिली. या कुलपाची किल्ली दुसऱ्या कुलपाला लागणार नाही आणि दुसरी किल्ली याला लागणार नाही, अशी. झांझिबारमध्ये ज्याची खात्री नाही ते बोलायला नकार देणारा माणूस हे छापून देत होता, हे लक्षात घ्या.

आतली यंत्रणाही बदलली. त्या काळच्या लिव्हर कुलपात छोट्या पट्ट्या असतात. किल्ली फिरली की प्रत्येक पट्टी ठरावीक उंचीपर्यंत उचलली जाते, तरच कुलूप उघडतं. या पट्ट्या खाली दाबून धरायला स्प्रिंगा असतात. स्प्रिंग गंजली किंवा तुटली की कुलूप बिघडलं. मुंबईच्या दमट हवेत तर हे व्हायचंच. अर्देशीर यांनी बिनस्प्रिंगचं कुलूप तयार करून त्याचं पेटंट घेतलं.

त्यांचं आणखी एक कुलूप तुमच्या मोबाइलवरच्या सिक्युरिटी अलर्टचा पणजोबाच म्हणायला हवा. त्यात चुकीची किल्ली घातली की आतला एक खटका अडकायचा आणि मूळ किल्ली फिरवल्याशिवाय सुटायचा नाही. म्हणजे संध्याकाळी घरी आलेल्या मालकाला कळायचं की दुपारी कुणीतरी हात मारून गेलंय. ही कल्पना इंग्लंडमध्ये जेरेमाया चब यांनी 1818 मध्येच पेटंट केली होती. वीज नाही, घंटा नाही, तरी कुलूप चुगली करायचं!

चोर वेगळा, आग वेगळी

कुलपं चालू लागली आणि अर्देशीर तिजोरीकडे वळले. इथे खरा प्रश्न सुरू झाला. चोराला अडवायचं तर जाड पोलाद लागतं. पण पोलाद उष्णता झटकन आत नेतं. घराला आग लागली तर तिजोरी जागेवर उभी राहील आणि आतल्या नोटा, खतं, वह्यांचा मात्र कोळसा होईल. म्हणजे एकाच पेटीला दोन वेगळ्या शत्रूंशी लढायचं होतं आणि दोघांची हत्यारं वेगळी.

चोरासाठी त्यांनी सांधे कमी करायचं ठरवलं, कारण पहार सांध्यातच घुसते. पोलादाचा एकच पत्रा ठिकठिकाणी वाकवून तिजोरीचं अंग बनवलं आणि दार दुहेरी पत्र्याचं केलं. आगीसाठी तिजोरीवाले जगभर एक युक्ती वापरत. दोन पत्र्यांच्या मध्ये तुरटीसारखा, ज्याच्या कणांतच पाणी बांधलेलं असतं असा मसाला भरायचा. आग लागली की त्या पाण्याची वाफ होते, वाफ उष्णता खाते आणि आतली जागा बराच वेळ तुलनेनं थंड राहते. बराच वेळ, पण कायमची नाही.

अर्देशीर यांची पहिली तिजोरी 1902 मध्ये बाजारात आली. पुढे धाकटे भाऊ पिरोजशा सोबत आले. कामांच्या नात्यातले बॉइस काही काळ भागीदार झाले, मग बाहेर पडले, पण नाव तसंच राहिलं. 'गोदरेज अँड बॉइस' मधला बॉइस तो हा. आजीचं ते लोखंडी कपाट आलं 1923 मध्ये. दरम्यान, 1918 नंतर, त्यांनी प्राण्यांच्या चरबीऐवजी वनस्पती तेलापासून साबणही बनवला. त्याचं नाव काय ठेवलं असेल? 'चावी'!

अर्देशीर पक्के स्वदेशीवाले. टिळक स्वराज्य फंडाला त्यांनी तीन लाख रुपये दिले, तेही त्या काळातले. पण देशी आहे म्हणून वाईट माल गोड मानून घ्या, हे त्यांना मान्य नव्हतं. त्यावरून गांधीजींशीही त्यांचे मतभेद होते. देशी मालाने आधी विलायती मालाइतकं चांगलं व्हावं, असा त्यांचा हट्ट. शिक्का खरा हवा आणि शिक्क्याखालचा मालही खरा हवा.

उत्तरायुष्यात धंदा पिरोजशांच्या हाती सोपवून ते नाशिकला शेती करायला गेले. तिथे काही जमलं नाही. जानेवारी 1936 मध्ये ते गेले.

14 एप्रिल 1944

त्यांची सगळ्यात मोठी परीक्षा ते गेल्यानंतर आठ वर्षांनी झाली. 14 एप्रिल 1944 रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये 'फोर्ट स्टिकिन' हे कापूस आणि दारूगोळा भरलेलं जहाज पेटलं आणि दोन प्रचंड स्फोट झाले. आजूबाजूच्या वस्त्या, गोदामं जळाली. आग विझवताना अग्निशमन दलाचे 66 जवान शहीद झाले. दरवर्षी 14 एप्रिलला देशभर अग्निशमन सेवा दिन पाळतात, तो त्यांच्याच आठवणीत. ढिगारे उपसताना गोदरेजच्या तिजोऱ्या सापडल्या आणि त्यांतली कागदपत्रं शाबूत होती. चाळीसेक वर्षांपूर्वी केलेला दावा खरा ठरला होता.

पण त्याच दिवसाची दुसरी बाजूही बघा. तिजोरीतला कागद वाचला कारण तिजोरी उघडली नाही. माणूस मात्र दार उघडलं तरच वाचतो.

आता तुमच्या रूमकडे बघा

पुण्या-मुंबईत पीजी किंवा फ्लॅट शोधताना ब्रोकर सांगतो, सिक्युरिटी टाइट आहे, सगळीकडे ग्रिल, सीसीटीव्ही, डिजिटल लॉक. तिथे अर्देशीर यांचा प्रश्न विचारा. नक्की कशापासून सुरक्षा? चोरापासून की आगीपासून?

खिडकीला ग्रिल असेल तर आतून उघडणारी एक झडप आहे का बघा. नसेल तर चोरही आत येत नाही आणि तुम्हीही बाहेर जाऊ शकत नाही. रात्री दार आतून किल्लीने लावायची सवय असेल तर सोडा, कडी लावा. धुरात किल्ली शोधत बसायला वेळ नसतो. डिजिटल लॉक असेल तर लाइट गेल्यावर आणि बॅटरी संपल्यावर ते आतून हाताने उघडतं का, हे स्वतः करून बघा. कॅमेरा चोरी रेकॉर्ड करतो, थांबवत नाही. आणि त्याचा कंपनीने दिलेला पासवर्ड बदलला नाही, तर तुमची रूम दुसराच कुणी बघत बसेल.

स्मोक अलार्म घेणार असाल तर तो छतावर, झोपायच्या खोलीजवळ लावा, कारण धूर वर जातो. स्वयंपाकघरात लावलात तर रोजच्या फोडणीला बोंबलेल, मग वैतागून तुम्ही बॅटरी काढाल आणि खरी आग लागेल तेव्हा तो गप्प असेल. तिथे उष्णतेवर चालणारा हीट डिटेक्टर ठीक. गॅस डिटेक्टर घेताना आधी गॅस कोणता ते बघा. सिलिंडरचा एलपीजी हवेपेक्षा जड, तो जमिनीलगत साचतो, म्हणून डिटेक्टर खाली हवा. पाइपने येणारा गॅस हलका, त्यासाठी वर. महिन्यातून एकदा टेस्टचं बटण दाबा आणि बेडरूमचं दार लावून आवाज ऐकू येतो का बघा.

घरी आई-बाबा छोटी तिजोरी घेत असतील तर 'फायरप्रूफ' शब्दावर थांबू नका. किती मिनिटं, किती तापमानाला, आणि कुणी तपासलंय, हे विचारा. कागदासाठी बनवलेली तिजोरी पेनड्राइव्ह वाचवेलच असं नाही, कारण तो कागदापेक्षा बऱ्याच कमी उष्णतेत खराब होतो. मार्कशीटचा फोटो क्लाउडवर टाकून ठेवलात तर तेवढी एक काळजी फुकटात मिटते.

विकणारा या प्रश्नांची सरळ उत्तरं देत असेल, आणि आपली वस्तू काय करू शकत नाही हेही सांगत असेल, तर त्याच्याकडून घ्या. तो नुसताच सगळं टाइट आहे म्हणत राहिला, तर पुढच्या दुकानात जा.