तुमच्या बॅटरीवरचा ‘व्होल्ट’ ज्याच्या नावाचा आहे, त्या व्होल्टाची गोष्ट

माघ पौर्णिमा जवळ आली की आमच्या गोंदिया जिल्ह्यात कचारगडची तयारी सुरू होते. सालेकसा तालुक्यातल्या या डोंगरात, गुहांपाशी, गोंड समाजाची मोठी यात्रा भरते. महाराष्ट्रासोबत छत्तीसगड, मध्य प्रदेश, तेलंगणातूनही लोक येतात. हल्ली निघण्याआधी मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न एकच असतो, तिथं मोबाइलची बॅटरी दिवसभर पुरेल का? गर्दीत आजी-आजोबा चुकले तर शोधायला फोनच लागतो, त्यामुळे प्रश्न अगदी रास्त आहे.

नुसत्या टिप्स दिल्या तर त्या लक्षात राहत नाहीत. म्हणून आज मी एका माणसाचं आयुष्य सांगणार आहे. त्याचं नाव अलेस्सांद्रो व्होल्टा. जगातली पहिली बॅटरी त्याने बनवली. तिच्यात त्याला आलेल्या अडचणी कळल्या की आपल्या फोनची बॅटरी आपोआप कळते.

उशिरा बोलणारा मुलगा

व्होल्टाचा जन्म १८ फेब्रुवारी १७४५ चा, उत्तर इटलीतल्या कोमो गावातला. घराणं मानाचं, पण हातात पैसा फारसा नाही. तो चार वर्षांचा होईपर्यंत नीट बोलतच नव्हता, असं सांगतात. वडील लहानपणीच गेले. घरच्यांना वाटायचं पोराने वकील व्हावं, पण त्याला वीज नावाच्या गूढ गोष्टीने झपाटलं होतं. १७७४ मध्ये तो कोमोच्या शाळेत भौतिकशास्त्र शिकवायला लागला.

१७७६ मध्ये माजोरे तलावाच्या काठच्या दलदलीतून बुडबुडे येताना त्याने पाहिले आणि तो वायू बाटल्यांत गोळा केला. आज त्याला आपण मिथेन म्हणतो. बंद भांड्यात हवेसोबत हा वायू भरून विजेची ठिणगी दिली की तो स्फोटासारखा पेटतो, हे त्याने दाखवलं.

आता हे फोनशी जोडा. लिथियम बॅटरी खराब झाली की आत वायू तयार होतो आणि ती फुगते. त्यात पेट घेणारे वायूही असतात. मागचं झाकण वर आलेलं दिसलं, स्क्रीन कडेने उचलली गेली, तर तो फोन चार्जिंगला लावायचा नाही. दाबून बसवायचा नाही, टाचणी टोचून हवा काढायचा प्रयत्न तर मुळीच नाही. बंद करून सरळ दुरुस्तीवाल्याकडे.

बेडकाचा पाय आणि एक वाद

१७७९ मध्ये व्होल्टा पाविया विद्यापीठात प्राध्यापक झाला. १७९१ मध्ये बोलोन्याच्या लुइजी गॅल्व्हानीने आपले प्रयोग छापले. मेलेल्या बेडकाच्या पायाला दोन धातू लावले की पाय झटका देतो, म्हणजे प्राण्याच्या अंगातच वीज असते, असं त्याचं म्हणणं. व्होल्टाला आधी ते पटलं. मग त्याने स्वतः प्रयोग करून पाहिले आणि मत बदललं. वीज येते ती दोन वेगळे धातू आणि मधला ओलावा यांच्यामुळे, बेडूक फक्त ती दाखवतो, असं तो म्हणू लागला. त्याने स्वतःच्या जिभेवर दोन धातू ठेवून विचित्र चवही अनुभवली. (तुम्ही हे फोनच्या बॅटरीवर करू नका!)

हा वाद वर्षानुवर्षं चालला. पण त्याने नुसतं भांडण केलं नाही, तर बेडूकच काढून टाकला.

पहिली बॅटरी आणि तिचा दोष

जस्ताची चकती, चांदीची चकती, मध्ये मिठाच्या पाण्यात भिजवलेला पुठ्ठा. मग पुन्हा तेच, एकावर एक. असा मनोरा रचला आणि वरच्या-खालच्या टोकाला तार जोडली की वीज सतत वाहायला लागली. २० मार्च १८०० रोजी त्याने लंडनच्या रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांना पत्राने ही रचना कळवली. काही आठवड्यांतच इंग्लंडमध्ये याच विजेने पाण्याचं विघटन करून दाखवण्यात आलं.

पण मनोरा उंच केला की वजनाने खालचे पुठ्ठे पिळले जायचे. खारं पाणी बाहेर ओघळायचं आणि चकत्यांमध्ये नको तिथून वीज वाहायची, म्हणजे शॉर्ट सर्किट. म्हणून त्याने दुसरा प्रकार केला, खाऱ्या पाण्याचे पेले गोलात मांडून धातूच्या पट्ट्यांनी जोडायचा.

हाच धोका तुमच्या खिशात आहे. फोनच्या बॅटरीत दोन बाजूंच्या मध्ये केसापेक्षाही पातळ प्लास्टिकचा पडदा असतो. फोन जोरात आपटला, मागच्या खिशात ठेवून दगडावर बसलात, बॅटरी वाकली, की तो पडदा फाटू शकतो. मग आत शॉर्ट होतो, उष्णता वाढते, आणि ती उष्णताच पुढची उष्णता तयार करते. कचारगडच्या चढणीवर फोन पुढच्या खिशात किंवा पिशवीत मऊ कपड्यात ठेवा, ते यासाठी.

मान, म्हातारपण आणि एक अक्षर

१८०१ मध्ये पॅरिसला नेपोलियनसमोर व्होल्टाने प्रयोग दाखवले. सुवर्णपदक मिळालं, १८१० मध्ये काउंट ही पदवीही. पण म्हातारपणी तो शांतपणे कोमोलाच राहिला आणि ५ मार्च १८२७ रोजी तिथंच गेला. १८८१ मध्ये पॅरिसच्या विद्युत परिषदेने विजेच्या दाबाच्या एककाला त्याचं नाव दिलं, व्होल्ट.

लिथियम सापडलं १८१७ मध्ये, स्वीडनमध्ये, म्हणजे व्होल्टा जिवंत असतानाच. पण लिथियम-आयन बॅटरी बाजारात आली १९९१ मध्ये. व्होल्टाचा मनोरा एकदा संपला की संपला. आपली बॅटरी शेकडो वेळा भरता येते, पण तिचंही वय होतंच. साधारण ४.२ व्होल्टला ती पूर्ण भरते (काही नव्या फोनमध्ये थोडं जास्त). सतत पूर्ण भरलेली आणि त्यात गरम, ही तिची सगळ्यात वाईट अवस्था. म्हणून रोजच्या वापरात २० ते ८० टक्क्यांच्या दरम्यान ठेवलेली बरी. यात्रेच्या दिवशी मात्र खुशाल १०० करा, एका दिवसाने काही बिघडत नाही.

आगीत गेलेला वारसा

१८९९ मध्ये कोमोत पहिल्या बॅटरीच्या शंभरीनिमित्त मोठं प्रदर्शन भरलं. व्होल्टाची मूळ उपकरणं तिथं मांडली होती. प्रदर्शनाला आग लागली आणि त्यातली बरीचशी जळून गेली. ज्या गोष्टी परत मिळत नाहीत त्या काही मिनिटांत जातात. म्हणून चार्जिंगचे हे नियम पाळाच:

१. उशीखाली, गादीवर, पांघरुणात फोन चार्ज करू नका. उष्णता बाहेर जायला जागा हवी.

२. चार्जर आणि पॉवर बँक घेताना बीआयएसचं चिन्ह आणि खाली ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक पाहा. तो बीआयएस केअर अ‍ॅपवर तपासता येतो.

३. वायर सोललेली असेल तर टेप मारून चालवू नका, बदला.

४. उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर फोन ठेवू नका. आपल्या विदर्भातला मे तर विचारूच नका! फोन गरम असेल तर आधी सावलीत थंड होऊ द्या, मग पिन लावा. फ्रिजमध्ये मात्र ठेवू नका, आत पाणी सुटतं.

५. जंगलात नेटवर्क कमी असतं. फोन ते शोधत राहतो आणि बॅटरी भराभर उतरते. गरज नसेल तेव्हा एअरप्लेन मोड लावा आणि भेटण्याची जागा-वेळ आधीच ठरवून ठेवा.

६. फोनमधून धूर, शिट्टीसारखा आवाज किंवा उग्र वास आला तर जमत असेल तर भिंतीवरचं बटण बंद करा, लांब व्हा, धूर श्वासात घेऊ नका आणि ११२ ला फोन करा.

७. जुनी बॅटरी कचऱ्यात किंवा चुलीत टाकू नका. ई-कचरा गोळा करणाऱ्यांकडे द्या.

घरातल्या ज्या मंडळींचा फोन रात्रभर उशीखाली चार्ज होतो, त्यांना ही गोष्ट आजच वाचून दाखवा. नियम विसरले तरी बेडूक आणि ओघळणारा मनोरा त्यांच्या लक्षात राहील.