अश्वशक्तीचे माप देणारा यंत्रकार : जेम्स वॅट

ठाणे, प्रतिनिधी

दिव्यातील एखाद्या गृहनिर्माण संस्थेचा पंप पाहिला, तर मोटारीवरील पट्टीवर पाच एचपी असा आकडा आढळतो. महिनाअखेरीस येणारे वीजबिल मात्र युनिटमध्ये असते. या दोन आकड्यांचा मेळ न बसल्याने संस्थांच्या सभांमध्ये वाद झडतात. ज्यांनी एचपी, म्हणजेच अश्वशक्तीचे माप रूढ केले, त्यांच्याच नावाने विजेची शक्ती मोजली जाते. ते नाव जेम्स वॅट. १९ जानेवारी हा त्यांचा जन्मदिन.

स्कॉटलंडमधील ग्रीनॉक या बंदरगावी १७३६ मध्ये त्यांचा जन्म झाला. प्रकृती नाजूक असल्याने त्यांचे बरेचसे शिक्षण घरीच झाले. लंडनमध्ये वर्षभर उपकरणे तयार करण्याचे काम शिकून ते ग्लासगोला परतले. परंतु तेथील कारागीर संघाच्या नियमांमुळे त्यांना शहरात दुकान थाटता येईना. अखेर १७५७ मध्ये ग्लासगो विद्यापीठाने त्यांना आपल्या आवारात कार्यशाळेसाठी जागा दिली.

चहाच्या किटलीतून निघणारी वाफ पाहून लहानग्या वॅटने वाफेचे इंजिन शोधले, ही गोष्ट आपल्याकडे शाळेपासून सांगितली जाते. ती दंतकथाच होय. थॉमस न्यूकोमेन यांचे इंजिन १७१२ पासून खाणींतील पाणी उपसत होते. १७६३-६४ च्या हिवाळ्यात त्याच इंजिनाची एक छोटी प्रतिकृती दुरुस्तीसाठी वॅट यांच्याकडे आली. प्रत्येक फेरीत सिलिंडर थंड पाण्याने निववून पुन्हा तापवावा लागत असल्याने बहुतांश वाफ वाया जाते, हे त्यांनी हेरले. वाफ निराळ्या पात्रात थंड करण्याची कल्पना त्यांना १७६५ मध्ये सुचली आणि १७६९ मध्ये तिचे पेटंट मिळाले.

पुढील वाट मात्र खडतर होती. चरितार्थासाठी त्यांना कालव्यांच्या मोजणीची कामे करावी लागली. भागीदार जॉन रोबक यांचे १७७३ मध्ये दिवाळे निघाले आणि त्याच वर्षी पत्नी मार्गारेट यांचे निधन झाले. बर्मिंगहॅमचे कारखानदार मॅथ्यू बोल्टन यांच्याशी १७७५ मध्ये झालेल्या भागीदारीने त्यांचे दैव पालटले. पार्लमेंटने पेटंटची मुदत १८०० पर्यंत वाढवून दिली.

खाणमालकांकडून पैसे घेण्याची त्यांची रीत सरळ होती. जुन्या इंजिनाच्या तुलनेत जेवढा कोळसा वाचेल, त्याच्या किमतीचा एक तृतीयांश भाग कंपनीचा. परंतु १७८१ नंतर चाक फिरविणारी इंजिने गिरण्या व मद्यनिर्मितीच्या कारखान्यांत जाऊ लागली, तेव्हा हा हिशेब कोलमडला. तेथे जुने इंजिन नव्हतेच. होते ते घोडे. मग आकारणी करायची कशावर?

वॅट यांनी घोड्यालाच मापाचा आधार केले. २४ फूट व्यासाच्या वर्तुळात तासाला १४४ फेऱ्या घालणारा घोडा १८० पौंडांच्या जोराने ओढतो, असे धरून त्यांनी गणित मांडले. ३३ हजार पौंड वजन एका मिनिटात एक फूट उचलणे, ही एक अश्वशक्ती ठरली. सर्वसाधारण घोड्याला दिवसभर एवढे काम झेपत नाही. माप असे सढळ हाताने धरल्यामुळे इंजिन घोड्यांपेक्षा कमी पडते, अशी तक्रार करण्यास ग्राहकाला जागा उरली नाही.

त्यांच्या कारकिर्दीला दुसरी बाजूही आहे. उच्च दाबाच्या वाफेला त्यांचा विरोध होता आणि पेटंटच्या रक्षणासाठी त्यांनी प्रतिस्पर्ध्यांना न्यायालयात खेचले. रेल्वेचे इंजिन पुढे इतरांनी त्याच उच्च दाबाच्या वाफेवर घडविले. १८५४ मध्ये ठाण्याहून कल्याणपर्यंत गेलेल्या, आजच्या दिव्यावरून जाणाऱ्या लोहमार्गावर अशीच इंजिने धावली. वॅट मात्र १८०० मध्येच व्यवसायातून निवृत्त झाले होते. २५ ऑगस्ट १८१९ रोजी बर्मिंगहॅमजवळील हँड्सवर्थ येथील राहत्या घरी त्यांचे निधन झाले.

विजेचे युग अवतरले, तेव्हा शक्तीच्या एककाला वॅट यांचे नाव द्यावे, असे १८८२ मध्ये विल्यम सीमेन्स यांनी सुचविले. १९६० मध्ये आंतरराष्ट्रीय मापन पद्धतीतही ते समाविष्ट झाले. ब्रिटिश अश्वशक्ती ७४५.७ वॅटची, तर मेट्रिक अश्वशक्ती ७३५.५ वॅटची. दहा वॅटचा हा फरक किरकोळ भासतो. मात्र भारतीय रेल्वेच्या १२ हजार अश्वशक्तीच्या मालवाहू विद्युत इंजिनासाठी तोच १२० किलोवॅटच्या वर जातो.

आता पंपाचा हिशेब. पाच अश्वशक्ती म्हणजे सुमारे ३.७ किलोवॅट, परंतु हा आकडा मोटार बाहेर देत असलेल्या शक्तीचा आहे. मोटारीची कार्यक्षमता ८५ टक्के धरल्यास ती पूर्ण भारावर सुमारे ४.४ किलोवॅट वीज घेते. एक किलोवॅट शक्ती तासभर वापरली की एक युनिट होते. पंप रोज दोन तास चालल्यास ३० दिवसांत सुमारे २६३ युनिट पडतात. केवळ ३.७ ने गुणल्यास २२२ येतात आणि वादाला तोंड फुटते.

व्यवहारापूर्वी दोन्ही पक्षांना मान्य होईल असे माप ठरविणे, हेच वॅट यांनी गिरणीमालकांसमोर केले होते. सभेत आवाज चढण्याआधी मोटारीवरील पट्टी वाचून तोच हिशेब मांडता येईल.