बेहरामजी मलबारी : संमतिवयाच्या कायद्यामागचा संपादक

सन १८९० मध्ये कलकत्त्याच्या उच्च न्यायालयासमोर एक खटला चालला. फुलमणी नावाच्या, वयाची दहा वर्षे नुकतीच ओलांडलेल्या मुलीचा पतीच्या शरीरसंबंधामुळे झालेल्या इजेने मृत्यू झाला होता. पती तिच्याहून कितीतरी मोठा, पूर्ण वाढलेला पुरुष होता. वैद्यकीय पुराव्यात संदिग्धता नव्हती. परंतु त्याला बलात्काराच्या गुन्ह्यात दोषी धरता येत नव्हते, कारण कायद्याने ठरविलेली मर्यादा दहा वर्षांची होती आणि मुलगी त्या मर्यादेच्या पलीकडे गेली होती. निष्काळजी कृत्याने गंभीर दुखापत केल्याबद्दल त्याला एक वर्षाच्या सक्तमजुरीची शिक्षा झाली.

या निकालाने सारा देश हादरला तेव्हा मुंबईतील एक पारशी संपादक गेली सहा वर्षे याच विषयावर लिहीत, बोलत आणि सरकारचे दार ठोठावत होता. त्याचे नाव बेहरामजी मेरवानजी मलबारी. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याशी महाराष्ट्रात लोकमान्य टिळक व सुधारक यांच्यातील वादामुळे अनेकांचा परिचय असतो. मात्र ज्यांच्या चिकाटीमुळे तो प्रश्न सरकारदरबारी पोहोचला, त्या मलबारींची आठवण क्वचितच काढली जाते.

मलबारींचा जन्म १८५३ साली बडोद्यात झाला. वडील बडोदा संस्थानात साधे कारकून होते व मुलगा लहान असतानाच ते निवर्तले. आई भिखीबाई मुलाला घेऊन सुरतेस आल्या. मलबार किनाऱ्यावरून चंदन व मसाल्याचे जिन्नस आणून विकणाऱ्या मेरवानजी नावाच्या निपुत्रिक दुकानदाराने पुढे या मुलाला दत्तक घेतले. ‘मलबारी’ हे आडनाव त्या व्यापारावरून आले. आईचेही छत्र लवकरच हरपले. सुरतेच्या मिशन शाळेत शिक्षण झाले आणि कोवळ्या वयातच शिकवण्या करून पोट भरण्याची वेळ आली. मॅट्रिकच्या परीक्षेत गणिताने त्यांना पुन्हा पुन्हा अडविले. १८७१ साली मुंबईत ते एकदाचे उत्तीर्ण झाले.

कवी म्हणून त्यांचा उदय झाला. १८७५ साली त्यांचा ‘नीतिविनोद’ हा गुजराती काव्यसंग्रह प्रसिद्ध झाला आणि पाठोपाठ इंग्रजी कविताही आल्या. परंतु त्यांचे खरे कार्यक्षेत्र वृत्तपत्र हेच ठरले. १८८० पासून ‘इंडियन स्पेक्टेटर’ या मुंबईच्या साप्ताहिकाची धुरा त्यांनी वाहिली. पैशाची ओढाताण कायमची होती, तरीही सुमारे वीस वर्षे हे पत्र त्यांनी चालविले आणि त्याचा दबदबा लंडनपर्यंत पोहोचविला. मॅक्सम्यूलर यांच्या व्याख्यानांची देशी भाषांत भाषांतरे व्हावीत म्हणून त्यांनी देशभर भ्रमंती केली. बालविवाह व बालवैधव्य यांचे चित्र त्यांनी प्रांतोप्रांती पाहिले ते याच प्रवासांत.

ऑगस्ट १८८४ मध्ये मलबारींनी बालविवाह आणि सक्तीचे वैधव्य या विषयांवर दोन टिपणे प्रसिद्ध केली. देशातील विचारवंत, अधिकारी आणि धर्मशास्त्राचे जाणकार यांच्याकडे ती पाठविण्यात आली. त्यांतील उपाय आज वाचताना आश्चर्य वाटते, कारण त्यांत फौजदारी कायद्यावर भर नव्हता. विवाहित मुलांना विद्यापीठाच्या परीक्षेस बसू देऊ नये, सरकारी नोकरीत अविवाहितांना प्राधान्य द्यावे, शाळेच्या पुस्तकांत बालविवाहाच्या दुष्परिणामांवर पाठ असावेत, अशा स्वरूपाच्या त्या सूचना होत्या. तत्कालीन व्हाइसरॉय लॉर्ड रिपन यांनी सहानुभूती दाखविली व सरकारने प्रांतिक सरकारांची मते मागविली. देशभरातून अभिप्रायांचा ढीग जमला आणि १८८६ मध्ये सरकारने या बाबतीत कायदा न करण्याचे ठरविले. विवाह हा प्रजेच्या धर्माचा व रूढीचा प्रश्न असून त्यात सरकारने पडू नये, अशी ती भूमिका होती.

याच सुमारास मुंबईत रखमाबाईंचा खटला उभा राहिला. लहानपणी झालेल्या विवाहाच्या आधारे दादाजी भिकाजी यांनी १८८४ साली पत्नीने आपल्याकडे नांदावयास यावे असा दावा केला होता. न्या. पिन्हे यांनी १८८५ मध्ये तो फेटाळला. पुढे १८८७ मध्ये न्या. फॅरन यांनी रखमाबाईंना पतीकडे जाण्याचा, अन्यथा तुरुंगवास भोगण्याचा आदेश दिला. रखमाबाईंनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखविली. १८८८ मध्ये तडजोड होऊन प्रकरण मिटले आणि त्या पुढे इंग्लंडमध्ये वैद्यकीचे शिक्षण घेऊन डॉक्टर झाल्या. त्यांची बाजू उचलून धरणाऱ्यांत मलबारी अग्रभागी होते. बालपणी झालेल्या लग्नाला मुलीची संमती कोठे असते, हा प्रश्न या खटल्यामुळे घराघरांत चर्चिला गेला.

विवाहाचे दार बंद होते. उघडे राहिले ते दंड संहितेचे. भारतीय दंड संहितेचा पहिला मसुदा १८३७ मध्ये मेकॉले यांच्या आयोगाने तयार केला, तेव्हा नऊ वर्षांखालील मुलीची संमती निरर्थक मानली गेली होती. पती मात्र कोणत्याही परिस्थितीत बलात्काराचा गुन्हेगार ठरणार नाही, असे त्यात स्पष्ट होते. प्रत्यक्षात १८६० साली संमत होऊन १ जानेवारी १८६२ पासून अमलात आलेल्या संहितेत हा आकडा दहा झाला आणि पत्नी दहा वर्षांखालील असेल तर पतीही गुन्हेगार ठरू लागला. म्हणजे कलम ३७५ मध्ये पतीला दिलेले संरक्षण आरंभापासूनच एका आकड्यावर उभे होते. लग्न कधी करावे हे न सांगता केवळ तो आकडा वाढविणे सरकारला शक्य होते. विवाहाला हात न लावता मुलीच्या शरीराला संरक्षण देण्याचा हा मार्ग होता. ज्यांना विवाहसंस्थेतच सुधारणा हवी होती, त्यांना मात्र तो अपुराच वाटला.

मलबारी १८९० मध्ये इंग्लंडला गेले. तेथील सार्वजनिक जीवनातील मान्यवरांना भेटून त्यांनी भारतातील बालपत्नींच्या बाजूने लोकमत जागविले. इंग्लंडने स्वतः १८८५ साली, मोठ्या वृत्तपत्रीय गदारोळानंतर, मुलींसाठी हे वय तेरावरून सोळा केले होते. तरीही भारतासाठी मागणी होती ती केवळ बाराची. भारतातील महिला डॉक्टरांनीही आपण उपचार केलेल्या मुलींची प्रकरणे नोंदवून सरकारला निवेदन दिले. या निवेदनाचा परिणाम कोणत्याही व्याख्यानाहून अधिक झाला असावा, कारण इजांच्या त्या नोंदींना शास्त्रवचनाने उत्तर देणे कठीण होते.

सर अँड्र्यू स्कोबल यांनी जानेवारी १८९१ मध्ये विधेयक मांडले आणि देश ढवळून निघाला. विरोधकांचा मुख्य आक्षेप असा की मुलगी ऋतुमती होताच गर्भाधान संस्कार करणे हे धर्मकर्तव्य आहे. बारा वर्षांपूर्वी ऋतुप्राप्ती झाल्यास कायदा आणि धर्म यांच्यात विरोध येईल. कलकत्त्याच्या मैदानावर प्रचंड सभा झाली. ‘बंगवासी’ या पत्रावर याच वादातील लेखांवरून राजद्रोहाचा खटला भरण्यात आला. विधिमंडळात सर रमेशचंद्र मित्र यांनी विरोध नोंदविला, तर पुण्याचे कृष्णाजी लक्ष्मण नूलकर यांनी पाठिंबा दिला.

पुण्यात ‘केसरी’तून टिळकांनी विधेयकावर कडाडून टीका केली. परकी सरकारने समाजाच्या रूढी कायद्याने बदलू नयेत, हा त्यांचा मुद्दा होता. येथे एक गोष्ट नमूद करावयास हवी. मुलीचे लग्न सोळा वर्षांपूर्वी व मुलाचे वीस वर्षांपूर्वी करणार नाही, असे सुधारकांनी स्वतः बांधून घ्यावे, असा प्रस्ताव टिळकांनी १८९० मध्ये मांडला होता. हे वय विधेयकातील वयापेक्षा मोठे होते. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनी मात्र धर्मशास्त्राचेच आधार देऊन विधेयक शास्त्रविरोधी नसल्याचे दाखविले. महादेव गोविंद रानडे व काशिनाथ त्र्यंबक तेलंग हेही विधेयकाच्या बाजूने होते. मलबारींवरचा हल्ला अधिक व्यक्तिगत होता. एका पारशाने हिंदूंच्या घरात का डोकवावे, हा प्रश्न त्यांना सतत विचारला गेला, आणि बालपत्नींच्या यातनांविषयी बोलण्यापेक्षा या प्रश्नावर अधिक शाई खर्ची पडली.

१९ मार्च १८९१ रोजी विधेयक संमत झाले. दहाच्या जागी बारा हा आकडा आला आणि तो विवाहित व अविवाहित दोघींना लागू झाला. पतीवरील आरोपाची दखल फक्त जिल्हा दंडाधिकारी किंवा मुख्य प्रेसिडेन्सी दंडाधिकारी यांनीच घ्यावी आणि तपास निरीक्षकाखालील दर्जाच्या पोलिसाकडे देऊ नये, अशी तरतूदही करण्यात आली. विरोधकांची भीती त्यामुळे काहीशी शमली. परंतु घराच्या चार भिंतींआडची तक्रार दंडाधिकाऱ्यापर्यंत न्यावी कोणी, हा पेच तसाच राहिला. नांदण्यासाठी सक्ती करणाऱ्या दाव्यांना या कायद्याने स्पर्शही केला नाही.

यानंतर मलबारी हळूहळू वादांपासून दूर झाले. १९०१ साली त्यांनी ‘ईस्ट अँड वेस्ट’ हे मासिक सुरू केले. १९०८ मध्ये दयाराम गिडुमल यांच्यासह मुंबईत सेवासदनाची स्थापना केली. स्त्रियांना शिक्षण आणि स्वतःच्या पायावर उभे राहण्याचे साधन देणे हे तिचे काम होते. पुढच्याच वर्षी पुण्यात रमाबाई रानडे व गोपाळ कृष्ण देवधर यांच्या पुढाकाराने सेवासदन सुरू झाले. सिमल्याजवळ धरमपूर येथे क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम उभारण्यातही मलबारींचा मोठा वाटा होता. जुलै १९१२ मध्ये सिमल्यात त्यांचे निधन झाले.

त्यांच्या मागे कलम ३७५ मधील आकडा चढत राहिला. १९२५ च्या दुरुस्तीने संमतीचे वय चौदा झाले, परंतु पत्नीसाठी तेरा. आणि येथे प्रथमच विवाहित मुलीला अविवाहितेपेक्षा कमी संरक्षण मिळाले. १९२९ च्या सारडा कायद्याने, म्हणजे मलबारींच्या टिपणांनंतर पंचेचाळीस वर्षांनी, मुलीच्या विवाहाचे किमान वय चौदा ठरले. १९४० च्या दशकात संमतीचे वय सोळा व पत्नीसाठी पंधरा झाले. २०१२ च्या बाल लैंगिक अत्याचार प्रतिबंधक कायद्याने अठरा वर्षांखालील प्रत्येकाला बालक मानले. २०१३ मध्ये बलात्काराची व्याख्या विस्तृत होऊन संमतीचे वय अठरा झाले, तरी पत्नीच्या बाबतीत पंधरा हाच आकडा कायम राहिला. ११ ऑक्टोबर २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही तफावत घटनाविरोधी ठरवून पत्नीसाठीही अठरा वर्षांची मर्यादा लागू केली. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ६३ ने हीच मर्यादा स्वीकारली आहे. पत्नी अठरा वर्षांपेक्षा मोठी असल्यास पतीला बलात्काराच्या व्याख्येतून वगळणारा अपवाद मात्र त्या कलमातही ठेवण्यात आला.