हाडातील गळवाचा छडा लावणारे पाश्चर

फ्रान्समधील दोल येथे २७ डिसेंबर १८२२ रोजी कातडी कमावणाऱ्याच्या घरी जन्मलेले लुई पाश्चर डॉक्टर नव्हते, रसायनशास्त्रज्ञ होते. तीन मुलींचे मृत्यू त्यांनी सोसले. १८६८ मध्ये पक्षाघाताने डावे अंग दुर्बल झाले, तरी संशोधन थांबले नाही.

१८७९ मध्ये एका सहकाऱ्याच्या गळवातील पुवात त्यांना गोल जंतूंचे पुंजके आढळले. १८८० मध्ये पॅरिसच्या त्रूसो रुग्णालयात शल्यविशारद लानलाँग यांनी एका मुलीचे पू झालेले हाड शस्त्रक्रियेने उघडले, तेव्हा त्यातही तेच जंतू दिसले. हाडाचा हा तीव्र दाह म्हणजे मज्जेतील गळूच होय, असा निष्कर्ष पाश्चर यांनी काढला.

त्वचेवरील क्षुल्लक जखमेतूनही जंतू रक्तात शिरू शकतात. वाढत्या मुलांच्या लांब हाडांच्या टोकांशी रक्तप्रवाह मंदावतो आणि तेथेच ते ठाण मांडतात. ताप येतो, हाड ठणकते, मूल तो हात वा पाय हलवीत नाही. प्रतिजैविकांपूर्वी या विकाराने अनेक मुले दगावत.

२८ सप्टेंबर १८९५ रोजी पाश्चर निवर्तले. कारण त्यांनी दाखवले. प्रभावी औषध मात्र पेनिसिलिनच्या रूपाने विसाव्या शतकात आले. पुणे जिल्ह्यात पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये १९५५ पासून त्याचे उत्पादन होऊ लागले. पुढे यातील बहुतेक जंतू पेनिसिलिनला दाद देईनासे झाले आणि निराळी प्रतिजैविके वापरावी लागली. वेळेचे महत्त्व मात्र कायम आहे. तापलेले मूल पाय टेकवत नसेल, तर मुरगळला असे समजून लेप लावण्यात दिवस दवडणे हाडाला आणि प्रसंगी जिवालाही महागात पडते.